नाव, गाव, साल, पान

शोधनिबंधाच्या शेवटी संदर्भांची जी यादी असते ती हल्ली कुणी वाचत नाही. मोजतात मात्र सगळे. संदर्भ किती, त्यांतले इंग्रजी किती, गेल्या पाच वर्षांतले किती, स्वल्पविराम जागच्या जागी आहे की नाही, ग्रंथाचे नाव तिरप्या टायपात आहे की नाही, याची तपासणी इतक्या कसोशीने होते की निबंधात म्हटले आहे काय, हे पाहायला कुणाला सवड उरत नाही. सीमाभागातल्या एका कॉलेजात मी तीस वर्षे मराठी शिकवले. निवृत्तीनंतरही संशोधन करणारी मुले-मुली प्रबंधाची बाडे घेऊन येतात. पूर्वी ती विचारीत, "सर, या ओळीचा अर्थ असाच लागतो ना?" आता विचारतात, "सर, आडनावानंतर कॉमा की पूर्णविराम?" या दुसऱ्या प्रश्नाचा मला संताप येतो. तो मुलांवर नाही. ज्यांनी त्यांच्यावर ही पाळी आणली त्यांच्यावर आहे. आणि त्या मंडळींत आपली मराठी माणसेही आहेत, हे पुढे सांगणारच आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. संदर्भ देणे हे साहेबाचे खूळ आहे आणि आपल्याकडे सगळा तोंडी कारभार होता, असे म्हणणारे काही देशाभिमानी असतात. त्यांच्या पंक्तीला मी बसत नाही. मुळात नाही ते लिहिणार नाही, अशी प्रतिज्ञा मल्लिनाथाने काही शतकांपूर्वी आपल्या टीकेच्या आरंभीच केली होती. राजवाड्यांनी गावोगावचे वाडे आणि माळे धुंडाळून कागद जमवले आणि १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. अस्सल कागद दाखवा आणि मग बोला, हा धडा मराठी इतिहासाने तिथे गिरवला. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केली. तिच्यासाठी १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली, आणि कोणता पाठ कोणत्या प्रतीत आहे याची नोंद पानोपानी खाली दिली. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची एकट्याच्या चिकाटीने केली. ही आपली परंपरा आहे. तेव्हा संदर्भ कसा द्यावा हे आम्हाला कुणी शिकवू नये असे नाही. पण आम्ही कोऱ्या पाटीने आलो आहोत, असे समजून शिकवू नये.

गोगलगायीचे पाय

ज्या पद्धतींपुढे आमचे कॉलेज-विद्यापीठांचे जग हात जोडून उभे असते त्या आल्या कुठून, तेही पाहू. मजकुरात कंस करून लेखकाचे नाव आणि साल घालायचे, या रीतीला 'हार्वर्ड' असे भारदस्त नाव आहे. तिचे श्रेय सामान्यतः एडवर्ड लॉरेन्स मार्क या हार्वर्डच्या प्राणिशास्त्रज्ञाला देतात. १८८१ मध्ये त्यांनी एक दीर्घ निबंध लिहिला आणि त्यात ही युक्ती वापरली. निबंधाचा विषय होता बागेतल्या बिनशंखाच्या गोगलगायीची अंडी. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते खोटे नव्हे. हे पाय निघाले ते थेट आमच्या संतवाङ्मयापर्यंत येऊन पोचले!

१९०६ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या छापखान्याने आपल्या कंपॉझिटर-मुद्रितशोधकांसाठी आणि लेखकांसाठी नियमांचे पुस्तक काढले. १९२९ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या एका नियतकालिकाने लेखकांना सूचना छापल्या. त्या सात पानांत मावल्या. त्यांचेच आज चारशेहून अधिक पानांचे 'एपीए' पुराण झाले आहे. १९५१ मध्ये इंग्रजी आणि युरोपीय भाषा शिकवणाऱ्यांच्या संघटनेने 'एमएलए'ची पत्रिका काढली. १९७८ मध्ये वैद्यकाच्या नियतकालिकांचे काही संपादक कॅनडात व्हँकूव्हरला जमले आणि त्यांनी आपल्यापुरती आकड्यांची पद्धत ठरवली.

यातले प्रत्येक घर आपल्या गरजेपुरते शहाणे होते. मानसशास्त्रज्ञाला प्रयोग ताजा की शिळा हे आधी कळायला हवे, म्हणून त्याने साल नावाला चिकटवले. साहित्याच्या अभ्यासकाला ओळ शोधायची असते, म्हणून त्याने सालाऐवजी पान चिकटवले. डॉक्टराला मजकुरात अडथळा नको, म्हणून त्याने नुसता आकडा टाकला. यामागे विचार आहे. आम्ही विचार तिथेच ठेवला आणि स्वल्पविराम तेवढा उचलून आणला. परिणाम असा की एकनाथांच्या भारुडांवर लिहिणारी मुलगी मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेचा गणवेश घालून उभी राहते. तो तिला होत नाही. मग आमचे तपासनीस गणवेश बदलत नाहीत, मुलीचे हातपाय छाटतात.

नाव

मराठी माणसाचे नाव तीन पदरी असते. आपण आद्याक्षर घेतो ते खरोखरीचे अक्षर घेतो. काना, मात्रा, अनुस्वारासकट. चिं. वि. जोशी, श्री. म. माटे, शं. गो. तुळपुळे, त्र्यं. शं. शेजवलकर. नुसते 'चिं.' वाचले तरी चिंतामण समोर येतो. हीच नावे रोमन लिपीत गेली की शंकर, शिवराम, श्रीपाद, शेषराव आणि शांता या सगळ्यांचा मिळून एक 'एस' होतो. 'जोशी, एस.' या एका ओळीत आपल्या भागातले किती जोशी मावतील, हे ज्याचे त्याने मोजावे. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे आणि विनायक नरहर भावे हे दोघेही 'भावे, व्ही.' होतात. दुसरे भावे म्हणजे विनोबा. आणि विनोबांच्या पुस्तकांवर तर नुसते 'विनोबा' असते!

टोपणनावांची तऱ्हा आणखी निराळी. 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावाने आले. त्या बाई माहेरच्या बाळूताई खरे आणि सासरच्या मालतीबाई बेडेकर. स्वतःला लपवण्यासाठी घेतलेल्या नावातले 'शिरूरकर' हे आडनाव समजून यादीत 'शिरूरकर, व्ही.' असे टाकणे म्हणजे एका बाईच्या आयुष्यातली एक अख्खी झुंज पुसून टाकणे आहे. कविता कुसुमाग्रजांची आणि नाटक वि. वा. शिरवाडकरांचे, यादीत दोन टोकांना दोन माणसे. ज्यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून आज आपण ज्या पंगतीला बसलो आहोत तिची पहिली पाने मांडली, ते का. र. मित्र मूळचे आजगावकर. बंगाली साहित्याच्या ओढीने त्यांनी 'मित्र' हे नाव घेतले. 'मित्र, के. आर.' एवढेच वाचणारा त्यांना कोलकात्यात शोधीत बसेल.

आपण दुभाषी मुलखातली माणसे, त्यामुळे आपली अडचण दुहेरी. कन्नडात पुष्कळदा गावाचे आणि वडिलांचे नाव आधी येते आणि स्वतःचे शेवटी. कुवेंपु म्हणजे कुप्पळ्ळी वेंकटप्पा पुट्टप्पा. पहिले गाव, दुसरे वडील, तिसरे ते स्वतः. त्यांना 'पुट्टप्पा, के. व्ही.' केले की वडिलांनी पाळण्यात ठेवलेले नाव आडनाव होऊन बसते. उलट धारवाडचे द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलणारे आणि कन्नडातले महाकवी. तिथे बेंद्रे हे खरेच आडनाव. एकच नियम दोघांना लावणारा दोघांनाही ओळखत नाही. हैदराबादकडच्या वाचकांना सेतुमाधवराव पगडी माहीत आहेत. त्यांच्या इंग्रजी पुस्तकावर 'पी. सेतुमाधव राव' असे तिकडच्या वळणाचे नाव छापलेले आहे. मग कुणी त्यांना 'राव'खाली घालतो, कुणी 'सेतु'खाली, कुणी 'पगडी'खाली. एक माणूस, तीन खण.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. एका संशोधन पत्रिकेकडे मी संतकवींच्या भाषेवर निबंध पाठवला. नियतकालिकाचे नाव सांगत नाही. अशी बरीच आहेत. महिन्याभराने निबंध परत आला. मजकुराबद्दल चकार शब्द नव्हता. संदर्भ 'विहित नमुन्यात' नव्हते म्हणून कार्यालयातल्या कुणीतरी दोन-चार दुरुस्त करून नमुना म्हणून दाखवले होते. त्यांत 'संत ज्ञानेश्वर' यांचे 'ज्ञानेश्वर, एस.' झाले होते आणि 'संत तुकाराम' यांचे 'तुकाराम, एस.'! 'संत' हे त्यांचे पाळण्यातले नाव आणि ज्ञानेश्वर हे आडनाव. मी उत्तर लिहिले, की एस. ज्ञानेश्वर नावाचे कुणी गृहस्थ माझ्या ओळखीचे नाहीत. निबंध तिथे छापून आला नाही, हे सांगणे नको.

आणि ज्यांची नावे यादीत येतच नाहीत त्यांचे काय? माझ्याकडे येणाऱ्या एका विद्यार्थिनीने खानापूर तालुक्यात फिरून म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. बोलणे मराठीत, मधूनच कानडी शब्द, ओवीचा नाद दोहोंचा मिळून. एपीएचा नियम असा की तोंडी माहिती वाचकाला पुन्हा काढून पाहता येत नाही, म्हणून ती 'व्यक्तिगत संपर्क' ठरते. मजकुरात कंसात उल्लेख करा, अखेरच्या यादीत नाव नको. एमएलए मुलाखतीला यादीत जागा देते. पण तिच्या मार्गदर्शकांच्या विभागाने एपीए ठरवली होती. सबंध प्रबंध ज्या बायांच्या कंठावर उभा राहिला, त्यांतल्या एकीचेही नाव यादीत नाही, आणि त्यांच्याविषयी न्यूयॉर्कमध्ये बसून सिद्धान्त मांडणाऱ्यांची नावे मात्र ओळीने आहेत. याला शिस्त म्हणतात!

गाव

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. पूर्वी ग्रंथाच्या संदर्भात प्रकाशनाचे गाव लिहावे लागे. एमएलएने २०१६ मध्ये ते बहुतेक ठिकाणी काढून टाकले. एपीएने २०१९ च्या सातव्या आवृत्तीत काढले. शिकागोच्या २०२४ च्या अठराव्या आवृत्तीनेही आता गावाची गरज नाही असे ठरवले. कारण त्यांच्या दृष्टीने बरोबर आहे. बडे प्रकाशक पाच देशांत दुकाने मांडून बसले आहेत. त्यांचे गाव कोणते म्हणायचे?

आपल्या पुस्तकांचे मात्र गाव हेच गोत्र आहे. मराठी छापखान्याचा उगम कुठला ते पाहा. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले ते गोव्यातल्या रायतूरला. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये निघाले ते बंगालातल्या श्रीरामपूरला. इसापनीतीचे मराठी रूप 'बालबोध मुक्तावलि' १८०६ मध्ये छापले गेले ते सरफोजीराजांच्या तंजावरला. तिन्ही गावे आजच्या महाराष्ट्राबाहेरची! 'क्रिस्तपुराणा'ची सतराव्या शतकातली छापील प्रत आज कुठे उपलब्ध नाही. पुढची आवृत्ती १९०७ मध्ये निघाली ती मंगळूरला. बडोद्याला सयाजीरावांनी 'सयाजी साहित्यमाला' चालवली. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, मडगाव या गावांच्या छापखान्यांतून किती मराठी पुस्तके बाहेर पडली, याची साक्ष आज एकाच जागी आहे: मुखपृष्ठाच्या आतल्या पानावरची ती गावाच्या नावाची ओळ.

काही पद्धतींत १९०० पूर्वीच्या ग्रंथांना सूट आहे म्हणतात. आहे. मग १९०७ चे मंगळूर सात वर्षांनी चुकले! ती ओळ यादीतून गेली की पन्नास वर्षांनी संदर्भसूच्या चाळणाऱ्याला वाटेल, की मराठी भाषा मुंबई-पुण्याला जन्मली, तिथेच वाढली आणि आपण तिचे इकडे आलेले पाहुणे. आपण पाहुणे नाही. हे भाषणात सांगून कुणी ऐकत नाही. यादीतले गाव ते न बोलता सांगते. म्हणून जो विभाग, जो संपादक सीमाभागातल्या मुलाला "प्रकाशनस्थळ काढा" म्हणतो, तो एक शब्द काढीत नसून वतनाचा कागद फाडतो आहे.

गावाच्या नावाचे दुसरे दुखणे बदलत्या नावांचे. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले. त्याबद्दल कुणाचे काय मत असेल ते असो. संदर्भापुरता नियम सोपा आहे. पुस्तकावर जे छापले आहे तेच लिहावे आणि आजचे नाव कंसात द्यावे. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकरांनी केलेल्या अध्यक्षीय भाषणापुढे 'बेळगावी' असे छापणे जितके चूक, तितकेच आजच्या कन्नड पुस्तकावरचे 'बेळगावी' खोडून 'बेळगाव' करणे चूक. गोव्यात डिचोली, साखळी, केपे यांची पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगे जुन्या पुस्तकांवर आहेत. तीही तशीच ठेवावीत. जुना कागद सुधारणे हे आपले काम नव्हे.

साल

नमुन्यात सालाला एकच चौकोन असतो आणि त्यात चार इंग्रजी आकडे मावतात. आपल्या जुन्या पुस्तकांवर शक असतो, ग्वाल्हेर-इंदूरकडे संवत, निजामाच्या अमदानीतल्या कागदांवर फसली. शकात ७८ मिळवावे, विक्रम संवतातून ५७ वजा करावे, दक्षिणेतल्या फसलीत ५९० मिळवावे, की इसवी सन येतो. आणि वर्ष फिरण्याच्या महिन्यांत एकाचा फरक पडतो. शके १८४३ हे १९२१ सालात सुरू होऊन १९२२ मध्ये संपते. पुस्तकावर महिना नसेल तर नक्की साल सांगता येत नाही. प्रामाणिक माणूस 'शके १८४३ (१९२१-२२)' असे लिहितो. नमुना म्हणतो, एकच साल द्या. म्हणजे विद्यार्थ्याने अंदाज करायचा आणि तो खात्री म्हणून छापायचा. शास्त्रशुद्धतेच्या नावाखाली खोटे बोलायला लावण्याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.

दिवाळी अंकांचेही तेच. त्यांना 'वर्ष' असते, अंक क्रमांक असतोच असे नाही. आणि २००० सालापासून निबंधांना डीओआय नावाचा जो आकडा मिळू लागला तो तर नसतोच. रकाना रिकामा राहिला की "हे नियतकालिक संशोधनात धरता येणार नाही" असा शेरा मिळतो. मराठी साहित्याचा विसाव्या शतकातला केवढा ठेवा दिवाळी अंकांत पडला आहे, हे ज्याला माहीत नाही त्याने हा शेरा मारण्याआधी ग्रंथालयात जाऊन यावे.

पान

शेवटचा प्रश्न पानाचा, आणि इथे मी परक्या पद्धतीइतकाच आपल्या माणसांवरही रागावलो आहे. एपीएत शब्दशः उतारा घेतला तरच पान सक्तीचे. मत आपल्या शब्दांत सांगितले तर नाव आणि साल पुरे. चार पानांच्या प्रयोगाला ते पुरतही असेल. पण पां. वा. काण्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांचा आणि साडेसहा हजारांच्या आसपास पानांचा आहे. '(काणे, १९४१)' एवढे लिहून मोकळा होणारा वाचकाला म्हणतो, की सुई या गवताच्या गंजीत आहे, शोधा. १९४१ चा तो दुसरा खंड पुन्हा दोन भागांत आहे!

पानाबरोबर आवृत्तीही लागते. 'महाराष्ट्र सारस्वता'ला तुळपुळ्यांनी पुरवणी जोडली. ती ज्या आवृत्तीत आहे तिची पाने आधीच्या आवृत्तीशी जुळणार नाहीत. तुकारामांच्या गाथेत अभंगाचे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात. ज्ञानेश्वरीत राजवाड्यांची प्रत आणि नेहमीची प्रत यांत फरक आहे. म्हणून अध्याय, ओवी आणि प्रत, असे तिन्ही सांगावे लागते. कीर्तनकार ते सांगतो. पीएच.डी. सांगत नाही.

आपण सीमाभागात राहणाऱ्यांनी तरी पानाची किंमत ओळखायला हवी. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालातले आकडे इकडचेही तोंडपाठ सांगतात आणि तिकडचेही. जनगणनेचे आकडे तर चहाच्या टपरीवर फेकले जातात. "कोणत्या सालची, कोणता तक्ता, कोणते पान?" असे विचारले की दोन्हीकडची मंडळी सारख्याच त्वेषाने अंगावर येतात. ज्याचा दावा मोठा त्याचे पान आधी पक्के असले पाहिजे.

रूप शुद्ध, वस्तू शून्य

नमुन्याची भक्ती कुठवर नेते याचे उदाहरण २०२३ साली न्यूयॉर्कला घडले. तिथल्या वकिलांनी संघराज्य न्यायालयात एक निवेदन दिले. त्यात जुन्या निवाड्यांचे दाखले होते. पक्षकारांची नावे, खंड, पान, साल, सगळे नमुन्याबरहुकूम. त्यांतले काही खटले कधी झालेच नव्हते. संगणकावरच्या संभाषण करणाऱ्या यंत्राने ते रचले होते. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला. आज आपल्या मुलांच्या हातातही तेच यंत्र आहे. स्वल्पविराम चुकणार नाही, तिरपा टाइप चुकणार नाही, फक्त पुस्तक अस्तित्वात नसेल. जो तपासनीस तीस वर्षे केवळ स्वल्पविराम तपासत आला, त्याला हे कसे पकडता येणार? त्याने पुस्तक कधी उघडलेलेच नसते. ज्याने दहा संदर्भांपैकी दोन तरी कपाटातून काढून पडताळले, तोच हे पकडील.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असले तर शिक्षा नाही, पुढे पायरीपायरीने कडक. मान्यताप्राप्त नियतकालिकांची 'केअर' यादी काढली आणि २०२५ मध्ये ती बंदही केली. टक्के आले, याद्या आल्या आणि गेल्या. उसना विचार आपला म्हणून खपवणे टक्क्यांत मोजता येत नाही. ते वाचणाऱ्यालाच कळते.

आपले घर

आता आपल्या माणसांविषयी. "एका थोर विचारवंताने म्हटले आहे" असे म्हणून टाळ्या घेणारे वक्ते कुणाचे? आपलेच. तुकोबांनी कधी न लिहिलेले अभंग मोबाइलवर पाठवणारे कुणाचे? आपलेच. समीक्षेच्या पुस्तकात शंभर उतारे आणि एकाचेही पान नाही, असे ग्रंथ पुरस्कार घेऊन आले आहेत. दिवाळी अंकांच्या संपादकांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत, आणि ते याच अंकात छापण्याचा मोठेपणा आमचे संपादक दाखवतील याची खात्री आहे. जाहिरातींना चाळीस पाने मिळतात. पण वर्ष कितवे, कुठे छापले, कुणी छापले, ही चार ओळींची माहिती कोपऱ्यात, कधी तीही नाही. आपल्या अंकाला आयएसएसएन क्रमांक नाही म्हणून रडणाऱ्यांनी हे जाणून घ्यावे, की तो दिल्लीच्या राष्ट्रीय विज्ञान ग्रंथालयातून पैसे न भरता मिळतो. अर्ज तेवढा करावा लागतो. आणि घरात साठलेले जुने अंक दसऱ्याच्या साफसफाईत रद्दीवाल्याच्या तागडीत टाकताना, आपण एखाद्याचा संदर्भ किलोने विकतो आहोत, हे लक्षात असू द्यावे.

मग करावे काय?

एकवाक्यता नको, असे मी म्हणत नाही. हवीच. पण ती आपल्या भाषेच्या अंगाची हवी. मराठी निबंधाची यादी देवनागरीत असावी आणि अ, आ, क, ख या आपल्या वर्णक्रमाने लावावी. नाव पुस्तकावर असेल तसे द्यावे. मूळ नाव निराळे असेल तर कंसात. आणि आद्याक्षरांऐवजी, ठाऊक असेल तिथे, पुरे नाव. गाव वगळू नये. साल छापले असेल त्या गणनेत आधी, इसवी सन मागून. आवृत्ती आणि पान द्यावे. संतवाङ्मयात प्रत, अध्याय, ओवी. ज्यांच्या तोंडून ऐकले त्यांचे नाव, वय, गाव आणि तारीख, त्यांची संमती घेऊन, यादीत मानाने यावे. कन्नड, तेलुगू, गुजराती, कोंकणी ग्रंथाचे नाव मूळ उच्चाराप्रमाणे देवनागरीत द्यावे आणि अर्थ मराठीत सांगावा.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की यंत्राला देवनागरी यादी मोजता येत नाही आणि न मोजलेले संशोधन केल्यासारखेच नाही. यंत्राला रोमन हवे असेल तर एक दुसरी यादी रोमनात करावी. भारतीय लिप्यांच्या लिप्यंतरासाठी २००१ पासून आयएसओ १५९१९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात 'श' आणि 'स' वेगळे राहतात, 'ल' आणि 'ळ'ही वेगळे राहतात. ते काम नियतकालिकाने करावे, शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या मुलीच्या माथी मारू नये. आणि मूळ पुस्तिकाही आमच्या कारकुनांइतक्या आडमुठ्या नाहीत. भारतीय नावांबाबत त्या व्यक्तीची पसंती आणि रूढी पाहावी, असे शिकागोची पुस्तिकाच सांगते. पण ती उघडून वाचणार कोण? आमच्याकडे तिचे दोन पानी टिपण झेरॉक्स होऊन फिरते आणि तेच वेद मानले जाते.

सीमाभागातली, गोव्यातली, इंदूर-बडोद्याची चार कॉलेजे आणि पाच-सहा दिवाळी अंक एकत्र आले तर एवढा नियम एका बैठकीत ठरेल. त्याला अनुदान लागत नाही, मंत्र्याच्या हस्ते उद्घाटन लागत नाही. लहानपणी पाटीवर चार रकाने आखून आपण नाव, गाव, फळ, फूल खेळत होतो. एक रकाना रिकामा राहिला तर गुण मिळत नसत. मोठेपणी रकाने बदलले. नाव, गाव, साल, पान. हे चारही भरा, खरे भरा आणि आपल्या अक्षरांत भरा. मग स्वल्पविराम कुठे पडतो, याची काळजी छापखान्यावर सोडायला माझी काही हरकत नाही.